न पोचलेल्या पत्रांचा प्रवास

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या वसतिगृहात पत्रांची एक पेटी सापडते. ‘एल’ नावाच्या विद्यार्थिनीने प्रियकराला लिहिलेली ही पत्रं. तिची जात वेगळी, म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला अडवून ठेवलंय. पायल कपाडियांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’चं (२०२१) कथानक एवढंच. पत्रं कपाडिया आणि हिमांशू प्रजापती यांनी रचलेली आहेत. पण भूमिसुता दासचा आवाज इतका हलका, इतका कानाशी येतो की ती खरी की कल्पित, हा प्रश्नच मनात उरत नाही.

या माहितीपटाचं सगळं सामर्थ्य मला आवाज आणि दृश्य यांच्यातल्या अंतरात दिसतं. एल बोलते, पण तिचा चेहरा कोणता, हे सांगता येत नाही. विरहाचे शब्द कानावर येत असतात आणि समोर असतात रात्री बेभान नाचणारी मुलं, वसतिगृहाच्या खोल्या, रणबीर दास यांच्या कॅमेऱ्यातला खरखरीत काळोख. त्यातच मित्रांनी टिपलेली दृश्यं आणि कुणाकुणाच्या घरगुती फिल्म मिसळतात. कुठली आठवण कुणाची, हे हळूहळू सांगता येईनासं होतं. एका मुलीचं दुःख असं नकळत एका पिढीचं होतं.

क्रिस मार्करच्या ‘सां सोलेई’तही (१९८३) एक बाई दूरच्या माणसाची पत्रं वाचते. तो प्रवासी जपान, गिनी-बिसाऊ, आइसलँड असा हिंडतो. इथे प्रवास घडतो तो पत्रांच्या मजकुरात: प्रेमापासून इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांच्या २०१५च्या १३९ दिवसांच्या संपापर्यंत, पुढे हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आत्महत्येपर्यंत. मग अचानक एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं सीसीटीव्ही चित्रण येतं. लाठ्या घेऊन शिरलेले पोलीस, पुस्तकांपाशी बसलेली मुलं. छताजवळच्या त्या कॅमेऱ्याला कुणाचीच ओळख नाही. तोवर कुजबुजत्या आवाजाची सवय झालेली असते, म्हणून ती नजर फार थंड वाटते.

परभणीजवळच्या पिंगळीसारख्या गावातून शिकायला पुणं गाठणारी मुलगी हे कसं पाहील? वसतिगृहातली खाट आणि परवडणारी फी यांवरच तिचं गाव सोडणं अवलंबून असतं. विद्यार्थ्यांचा सरकारी शिक्षणासाठीचा हा लढा तिला परका वाटणार नाही. ‘एल’ची जातीची जखम तर तिला समजावून सांगावीच लागणार नाही.

सर्वांत धाडसी वाटतं ते महिला पोलिसांविषयीचं पत्र. मोर्चा अडवायला उभ्या असलेल्या त्या बायकांच्या आयुष्याचा एल विचार करते. राग न सोडता ती त्यांच्या घरापर्यंत जाऊन येते.