‘सत्तवर्तन्न’ : एका शब्दावर किती भार टाकायचा?

‘साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात प्राकृत पोहोचली होती’ अशा आशयाचे विधान अधूनमधून केले जाते. त्यासाठी हित्ती भाषेतील एका मजकुरातला ‘सत्तवर्तन्न’ हा शब्द पुढे केला जातो. मराठी वाचकाला तो चटकन पटतो, कारण संस्कृत ‘सप्त’, प्राकृत ‘सत्त’ आणि मराठी ‘सात’ ही साखळी आपल्याला शाळेपासून माहीत असते. हे वाचन कितपत टिकते, ते या टिपणात तपासू.

शब्द कोठे येतो?

हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा, म्हणजे आजचे बोआझकोय. तेथे १९०६ पासून झालेल्या उत्खननांत हजारो मृत्पट्टिका मिळाल्या. त्यांत रथाच्या घोड्यांना तयार करण्याची एक दैनंदिनी आहे. तिचा कर्ता किक्कुली स्वतःची ओळख ‘मितन्नी देशाचा अश्शुश्शन्नि’, म्हणजे अश्वशिक्षक, अशी करून देतो. मजकूर हित्ती भाषेत आहे. काही शब्द मात्र परके आहेत. ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न आणि नवर्तन्न हे त्यांपैकी पाच. एक, तीन, पाच, सात आणि नऊ या संख्या त्यांत उघड दिसतात. ‘वर्तन्न’ म्हणजे वळसा किंवा फेरी. ‘वृत्’ या धातूशी त्याचे नाते आहे. ‘नवर्तन्न’मध्ये दोन ‘व’ शेजारी आल्याने एक गळला.

हे शब्द भारतीय-आर्य शाखेचे आहेत, याला ‘ऐक’ हा भक्कम आधार आहे. इराणी शाखेत एक या संख्येसाठी ‘ऐव’ असे रूप होते. ‘क’ असलेले रूप आपल्या शाखेचे. इथपर्यंत वाद फारसा नाही. खरा प्रश्न ‘सत्त’चा आहे.

आधी उपकरण तपासू

प्रयोगशाळेत विचित्र वाचन आले की प्रथम उपकरणाची त्रुटी आहे का, हे पाहतात. येथे उपकरण म्हणजे कीलाक्षर लिपी. ती अक्षरगटांची लिपी आहे. शब्दाच्या सुरुवातीचे ‘त्र’सारखे जोडाक्षर तिला सरळ लिहिता येत नाही. म्हणून ‘तेर’ या रूपावरून मूळ उच्चाराबद्दल फार काही ठरवू नये. शब्दाच्या मध्ये येणारे ‘प्त’ मात्र ‘अप्’ आणि ‘त’ ही चिन्हे लागोपाठ ठेवून लिहिता येते. हित्तीत ‘सिप्तमिय’ हे एका पेयाचे नाव तसेच लिहिलेले आहे. तेव्हा ‘सत्त’मधल्या ‘प’च्या अभावाचा दोष लिपीवर टाकता येत नाही. प्राकृतवाद्यांची बाजू येथे बळकट आहे, हे मान्य करायला हवे.

आता उरलेला शब्द वाचा

अडचण त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. जी प्रवृत्ती ‘प्त’चे ‘त्त’ करते, तीच प्राकृतात ‘र्त’ही मोडते. ‘वर्त्म’चे ‘वट्ट’ झाले आणि त्यातूनच आपली ‘वाट’ आली. ‘सत्त’ खरोखर प्राकृत असेल, तर त्याच्या शेजारी ‘वट्टण’सारखे रूप अपेक्षित होते. प्रत्यक्षात ‘वर्तन्न’मध्ये ‘र्त’ शाबूत आहे. मितन्नीचा राजा अर्ततम याच्या नावातही तो दिसतो. ‘ऐक’मधला ‘ऐ’ तर वैदिक ‘एक’च्याही आधीची अवस्था दाखवतो.

म्हणजे पाच शब्दांच्या या यादीत एक खूण वेदपूर्व, एक वैदिक काळाशी जुळणारी आणि एकच प्राकृतासारखी. तीन मोजमापांपैकी सोयीचे एक ठेवून दोन टाकून देणे याला विश्लेषण म्हणत नाहीत. शिवाय प्राकृताचा निश्चित कालनिर्णय असलेला कोरीव पुरावा अशोकाच्या लेखांपासून, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून मिळतो. हजार वर्षांहून मोठी ही दरी एका ‘त्त’ने भरून निघत नाही.

मग ‘सत्त’ आले कोठून?

मितन्नीतील लोक मुख्यतः हुर्री भाषा बोलत, आणि हुर्री ही आर्य कुळातली भाषा नव्हे. ‘अश्शुश्शन्नि’च्या शेवटचा ‘न्नि’ हुर्री घडणीचा आहे. हे शब्द हुर्री तोंडांतून घासून मग हित्ती लेखनिकाकडे आले. आनेलीज कामेनहूबर यांनी १९६८च्या आपल्या ग्रंथात, मितन्नीत ही आर्य भाषा जिवंत बोली म्हणून उरलीच नव्हती, अशी कठोर भूमिका घेतली. ती टोकाची वाटली, तरी तिच्यातला इशारा उपयोगी आहे: उसना शब्द हा मूळ भाषेचा स्वच्छ नमुना नसतो. ‘प्त’चे ‘त्त’ या वाटेवरही झालेले असू शकते.

यावरून ‘सत्तवर्तन्न’चे मोल कमी होत नाही. आपल्या भाषाकुळातील संख्या भारतापासून इतक्या दूर आणि इतक्या जुन्या काळी लिहिलेल्या सापडतात, ही गोष्ट मोठीच आहे. तो शब्द एवढे निश्चित सांगतो. प्राकृताचा इतिहास तो सांगत नाही. पुढच्या वेळी असा एखादा ओळखीचा शब्द समोर आला, तर त्याचा ओळखीचा वाटणारा अर्धा भाग बाजूला ठेवून आधी उरलेला अर्धा वाचा.