'पहिली' होण्याआधी : होमाई व्यारावाला यांची विद्यार्थिदशा

होमाई व्यारावाला यांच्याविषयीचा बहुतेक मजकूर 'भारतातील पहिल्या महिला छायापत्रकार' या बिरुदापासून सुरू होतो. बिरुद खोटे नाही. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले तेव्हा आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या तेव्हाही वृत्तपत्रांनी त्याचाच आधार घेतला. पण 'पहिली' म्हटले की शोध तिथेच थांबतो. ही बाई छायाचित्रण शिकली कशी, कोणाकडून, कशाकडे पाहून, हे प्रश्न मागे पडतात. तिच्या कामाची सुरुवात थेट दिल्लीतून, सत्तांतराच्या आणि नेहरूंच्या छायाचित्रांपासून होते, आणि त्याआधीची मुंबईतली वर्षे चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात उरकली जातात.

या लेखात मला त्या उरकलेल्या वर्षांकडे पाहायचे आहे. माझे म्हणणे असे की होमाईंची विद्यार्थिदशेतील छायाचित्रे ही पुढच्या मोठ्या कामाची केवळ पूर्वतयारी नाहीत. पुढच्या कामात जे टिकाऊ आहे त्याचे मूळ त्यांत आहे, आणि पुढे जे निसटले तेही त्यांत दिसते.

आधी थोडा तपशील. होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू रंगभूमीवर नट, फिरत्या नाटक कंपनीत. बालपण या फिरतीत गेले आणि मग कुटुंब मुंबईत स्थिरावले. मुलींनी मॅट्रिकपर्यंत पोहोचणे हीच तेव्हा अपवादाची गोष्ट होती; होमाई पुढे मुंबई विद्यापीठात आणि सर ज. जी. कलाशाळेत शिकल्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांची ओळख माणेकशॉ व्यारावाला यांच्याशी झाली. माणेकशॉ टाइम्स ऑफ इंडियात हिशेबनीस होते आणि छायाचित्रण हा त्यांचा स्वतः कमावलेला छंद होता. कॅमेरा हाताळायला होमाई शिकल्या त्या त्यांच्याकडून. १९४१ साली दोघांचा विवाह झाला आणि १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी ते दिल्लीला गेले.

हा क्रम ओळखीचा आहे. पण त्यातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. मुंबईत छायाचित्रणाच्या शिक्षणाला होमाईंच्या कितीतरी आधीपासूनचा इतिहास आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ ची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग चालत होता, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते. म्हणजे ही विद्या या शहरात रीतसर शिकवली जात होती, तिच्या सभा भरत होत्या, प्रदर्शने होत होती. पण हा सारा व्यवहार मुख्यतः पुरुषांचा होता. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी एका मुलीला हीच विद्या मिळते, ती एका मित्राच्या कॅमेऱ्यातून. शहरात परंपरा असणे आणि ती आपल्यापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही होमाईंचे शिक्षण केवळ घरगुती होते असे म्हणणे अपुरे ठरेल. मला त्यांच्या घडणीत तीन स्वतंत्र स्रोत दिसतात.

पहिला म्हणजे कलाशाळा. १९१९ पासून पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत तिथे मानवाकृतीच्या प्रत्यक्ष अभ्यासाला वजन आले होते. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स जेरार्ड संचालक झाले आणि युरोपातल्या नव्या चित्रकलेचे वारे वर्गात आले. होमाईंनी इथे कलाशिक्षणाची पदविका घेतली. रेखाटनाच्या वर्गात विद्यार्थी जे शिकतो ते कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत नसते : आकृतीभोवतीची रिकामी जागाही चित्राचाच भाग असते, उजेड-सावलीचे भाग आधी ठरवायचे, तपशील मागून येतो, चौकटीच्या कडेला काय तुटते याकडे लक्ष ठेवायचे. गर्दी, फुलांचे हार, सुरक्षारक्षक यांच्यामधूनही होमाईंच्या पुढच्या छायाचित्रांत माणसे मोकळी उभी दिसतात, त्याचे श्रेय मी या वर्गाला देतो.

दुसरा स्रोत अंधारखोली. फिल्म धुणे, प्रत काढणे, मोठी करणे ही कामे माणेकशॉंच्या सोबतीने त्यांनी पाहिली आणि केली. अंधारखोली विद्यार्थ्याला आपल्या निवडीचा हिशेब मागते. कॅमेऱ्यातून पाहताना जे महत्त्वाचे वाटले ते कागदावर उमटले का, की मागचा खांबच डोक्यातून उगवलेला दिसतो आहे, हे तिथे कळते. दोघांची ही भागीदारी दिल्लीतही टिकली : होमाई बाहेर छायाचित्रे घेत, माणेकशॉ अंधारखोली सांभाळत.

तिसरा स्रोत छापील पान. अमेरिकेतले 'लाइफ' साप्ताहिक १९३६ च्या अखेरीस सचित्र स्वरूपात निघू लागले. मुंबईत 'इलस्ट्रेटेड वीकली' होतेच. मुंबईतल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळींत तेव्हा धूसर, काव्यमय, चित्रासारख्या दिसणाऱ्या छायाचित्रांना मान होता : धुक्यातली होडी, संध्याकाळचा बैलगाडीचा रस्ता. होमाईंची सुरुवातीची छायाचित्रे या वाटेने जात नाहीत. ती स्वच्छ, धारदार, वर्तमानातली आहेत. सचित्र नियतकालिकांनी छायाचित्राला दिलेले नवे काम, म्हणजे आज काय चालले आहे ते सांगणे, त्यांनी ओळखले होते.

हे तीन स्रोत एकत्र येतात ते एका वर्गमैत्रिणीच्या छायाचित्रांत. कलाशाळेतल्या रेहाना मोगल ही होमाईंची सुरुवातीची आवडती मॉडेल. तिसाव्या दशकाच्या अखेरची ही छायाचित्रे आज होमाईंच्या संग्रहातली सर्वांत ताजी वाटतात. त्या काळच्या मुंबईत तरुण स्त्रीचे छायाचित्र म्हणजे बहुधा स्टुडिओतले : मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिपाई, हात मांडीवर, चेहऱ्यावर आज्ञाधारक स्थिरता. ते लग्नासाठी किंवा घरच्या भिंतीसाठी काढलेले असे. दुसरा प्रकार सिनेनटीचा, तो पडद्यावरच्या मोहकतेसाठी. रेहाना या दोन्हींत बसत नाही. ती शिकणारी मुलगी आहे. तिला कॅमेऱ्याचा संकोच नाही आणि कॅमेऱ्याला रिझवण्याची गरजही नाही.

हा मोकळेपणा येतो कुठून? याचे उत्तर तंत्रात शोधून मिळणार नाही. ते नात्यात आहे. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वयाच्या, एकाच शाळेतल्या दोन मुली आहेत. दोघी शिकत आहेत. एक कॅमेरा शिकते आहे, दुसरी त्याच्यासमोर असणे शिकते आहे. व्यावसायिकाला जे सहसा परवडत नाही ते त्यांच्याजवळ भरपूर आहे : वेळ, पुन्हा करून पाहण्याची मुभा, आणि फसलेल्या प्रयत्नावर एकत्र हसण्याची सोय. मला ही छायाचित्रे दोघींची वाटतात, आणि स्त्रीने स्त्रीला पाहण्याच्या आपल्या दृश्य-इतिहासात त्यांची जागा दिल्लीतल्या कोणत्याही छायाचित्राइतकी मोठी आहे.

पहिले प्रकाशित कामही याच जगातले आहे, हा योगायोग नव्हे. १९३८ साली मुंबईतल्या एका महिला मंडळाच्या सहलीची त्यांची छायाचित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आली. एका छायाचित्राला एक रुपया मिळाला. ज्या वृत्तपत्राचे मुख्य अंग राष्ट्रीय चळवळ होते, त्यात घराबाहेर पडून मजेत दिवस घालवणाऱ्या बायका बातमी म्हणून आल्या. तिथे पुरुष छायाचित्रकार गेला असता तर त्या बायका कदाचित ओळीत उभ्या राहिल्या असत्या.

आणि इथेच नावाचा प्रश्न येतो. सुरुवातीच्या काळात होमाईंची छायाचित्रे माणेकशॉंच्या नावाने छापली जात. होमाई अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या, एवढे कारण पुरेसे होते. या गोष्टीकडे साधारण दोन प्रकारे पाहिले जाते. एक म्हणजे अन्याय म्हणून हळहळायचे. दुसरे म्हणजे पती-पत्नीच्या सुंदर सहकार्याची गोष्ट म्हणून सुखावायचे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही घाईची उत्तरे आहेत. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर छापलेले नाव ही शिक्षणाची शेवटची पायरी असते. आपले काम लोकांसमोर आपल्या नावाने जाते, त्यावर कोणी नाक मुरडते, कोणी दाद देते, आणि त्यातून आपण कोण हे कळत जाते. होमाईंच्या वाट्याला ही पायरी उशिरा आली. काम पोहोचत होते, पैसे येत होते, पण दाद दुसऱ्या दारी जात होती.

पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतले. जन्म १९१३ चा, माणेकशॉंची भेट तेराव्या वर्षी, गाडीचा क्रमांक डीएलडी १३, म्हणून डालडा १३. ही हकीगत नेहमी गंमत म्हणून सांगितली जाते. ती गंमत आहेच. पण ज्या व्यक्तीच्या कामावर आरंभी दुसऱ्याचे नाव होते, तिने स्वतःसाठी घडवलेल्या या नावात ना बाप आहे, ना नवरा, ना धर्म. वनस्पती तुपाच्या डब्याची आठवण करून देणारे हे नाव तिने स्वतः जुळवले आहे. त्यात मला नुसता विनोद दिसत नाही.

आता दिल्लीकडे वळू. विद्यार्थिदशेचा माग पुढच्या कामात लागतो का, ही माझ्या म्हणण्याची खरी कसोटी. होमाईंच्या प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एकात नेहरू ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या ओठांतही सिगारेट आहे. दुसऱ्यात ते विमानतळावर छायाचित्रणास सक्त मनाई असल्याच्या पाटीशेजारी उभे आहेत. दोन्हींत सत्तेचा समारंभ क्षणभर सैल झाला आहे आणि समोरचा माणूस सोबतीच्या माणसांत असावा तसा दिसतो आहे. दीर्घकाळ होमाईंच्या हाती असलेला रोलायफ्लेक्सही याला साजेसा. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहायचे असते. छायाचित्रकाराचा चेहरा यंत्रामागे लपत नाही. समोरच्याला दिसते ती मान खाली घातलेली, साडी नेसलेली बाई. तिला कोणी फारसे गंभीरपणे घेत नसे आणि त्याचा कामाला फायदाच झाला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. रेहानाच्या वेळी मैत्रीने जो सैलपणा दिला होता, तो दिल्लीत या दुर्लक्षाने दिला.

पण दोन्ही सैलपण सारखे नाहीत. मैत्रिणीला ठाऊक असते की आपले छायाचित्र घेतले जात आहे, आणि ती त्यात सहभागी असते. पंतप्रधान बेसावध असतात. होमाईंच्या दिल्लीतल्या उत्तम छायाचित्रांत बेसावधपणाचा गैरफायदा कुठेच नाही, हे खरे. समोरच्याची प्रतिष्ठा जपणे हा त्यांचा नियम होता. त्यावर आक्षेपही घेता येतो : या नियमामुळे त्यांचे काम कधीकधी फार सभ्य होते, राज्यकर्त्यांच्या मेजवानीत वावरणारा कॅमेरा त्या मेजवानीला प्रश्न विचारत नाही. आक्षेप मला मान्य आहे. फक्त या सभ्यतेला दरबारी वृत्ती म्हणण्याआधी तिचे मूळ पाहावे. जिने पहिले धडे मैत्रिणीच्या चेहऱ्यावर गिरवले, तिला छायाचित्र दाखवताना समोरच्याच्या डोळ्याला डोळा देता यावा असेच वाटणार. १९७० साली त्यांनी काम थांबवले. आदल्या वर्षी माणेकशॉ गेले होते आणि नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की व उर्मटपणा त्यांना मानवत नव्हता. काळ बदलला आणि त्या मागे पडल्या, असा याचा अर्थ लावता येतो. मला मात्र दिसते की छायाचित्र घेणाऱ्या आणि देणाऱ्यातला करार मोडला होता, आणि त्या करारावाचून छायाचित्रण कसे करायचे हे त्या शिकलेल्या नव्हत्या.

हाती काय निसटले? वेळ आणि परतफेड. दिल्लीत नेता येतो, पायऱ्या चढतो, निघून जातो. पुन्हा करून पाहता येत नाही. वृत्तछायाचित्रणाने होमाईंना इतिहास दिला; पण एकाच चेहऱ्याकडे वारंवार परतण्याची चैन काढून घेतली. रेहानासारखी दुसरी व्यक्ती त्यांच्या सार्वजनिक कामात मला सापडत नाही. नेहरू पुन:पुन्हा येतात, पण ते सर्वांचेच होते.

होमाईंचा संग्रह आज दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे आहे आणि सबीना गडीहोक यांच्या २००६ सालच्या ग्रंथाने त्यांचे आयुष्य व काम व्यवस्थित मांडले. म्हणजे विद्यार्थिदशेतली छायाचित्रे हरवलेली नाहीत. आपण ती पाहण्याचा क्रम तेवढा चुकीचा ठेवला आहे. आज महाविद्यालयात छायाचित्रण शिकणाऱ्या मुलामुलींना आपण आधी फाळणीच्या ठरावावर हात वर करणाऱ्या नेत्यांचे छायाचित्र दाखवतो आणि 'अशा क्षणी हजर राहा' असे सांगतो. हा सल्ला ऐकून कोणी शिकत नाही, कारण असे क्षण सांगून येत नाहीत. त्याआधी त्यांना कलाशाळेतली रेहाना दाखवावी. वर्गातले कोणी तरी समोर बसायला तयार असते आणि बाहेर उजेड असतो. मुंबईत एका विद्यार्थिनीने तेवढ्यावरच सुरुवात केली होती.