अर्बुदाचा शेष : हार्वे कुशिंग यांचा एक ग्रंथ

ऋण, अग्नि आणि शत्रु यांचा शेष ठेवूं नये, हें नीतिवचन आपल्याकडे घरोघर ऐकूं येतें. सुश्रुतानें चिकित्सास्थानांत हाच न्याय अर्बुदास लावला आहे. अर्बुद काढावयाचें तर निःशेष काढावें. अंशमात्र मागें राहिलें तरी तें पुनः वाढतें आणि अग्नीप्रमाणें रोग्याचा घात करतें, असा त्याचा स्वच्छ अभिप्राय आहे. हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्याचा श्रवणमज्जातंतूच्या अर्बुदांवरील, १९१७ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचतांना हें वचन मला पदोपदीं आठवत होतें. कारण, शेष न ठेवण्याच्या हट्टापायीं जेथें रोगीच हातचा जाई, अशा जागेचा हा ग्रंथ आहे.

कुशिंग हे केवळ शस्त्रवैद्य नव्हते. आपले गुरुतुल्य स्नेही सर विल्यम ऑस्लर यांचें द्विखंडात्मक चरित्र त्यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलें व पुढच्याच वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. तें चरित्र विद्वत्ताप्रचुर खरें, पण फार पसरट आहे. हातीं आलेला कागद बाहेर ठेवणें चरित्रकाराच्या जिवावर येतें. ज्या पुस्तकानें त्यांस साहित्यिकांच्या पंक्तींत बसविलें त्याहून, ज्यास कोणी साहित्य म्हणणार नाहीं तें हें वैद्यकीय पुस्तक मला अधिक रेखीव वाटतें. हें मत विक्षिप्त वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

या अर्बुदास वैद्यक ‘सौम्य’ म्हणतें. म्हणजे तें शेजारच्या मांसांत घुसत नाहीं, रक्तावाटे देहांत अन्यत्र पसरत नाहीं, आणि वाढतें तें बहुधा वर्षाकांठीं एखाददुसरा मिलिमीटर. पाठीवर अशी गांठ असती तर माणूस तिच्यासह सुखानें म्हातारा झाला असता. परंतु ही गांठ उगवते कवटीच्या तळाशीं, कानामागच्या हाडाच्या आंत, आणि वाढते ती लहान मेंदु व मस्तिष्कसेतु यांच्या मधल्या कोनांत. ऐकण्याचा व तोल सांभाळण्याचा मज्जातंतु तेथूनच जातो. त्यास लागून चेहरा हालविणारा मज्जातंतु असतो. आणि अगदीं जवळ श्वास व हृदय यांचें नियमन करणारा मेंदूचा दांडा. पाहुणा सज्जन आहे, पण बसला आहे तो घराच्या एकुलत्या एक दारांत! ‘सौम्य’ हें नांव ज्यांनीं ठेवलें त्यांनीं पाहुण्याचा स्वभाव पाहिला, त्याचें आसन पाहिलें नाहीं.

ग्रंथांतील सर्वोत्कृष्ट भाग लक्षणांच्या क्रमाचा. सुमारें तीस रोग्यांचीं वृत्तें ताडून कुशिंग यांनीं हा क्रम बसविला आहे. प्रथम एका कानांत नाद सुरू होतो व तो कान हळूहळू बधिर होतो. मग मानेच्या वरच्या बाजूस व कपाळांत दुखूं लागतें. नंतर चालतांना झोक जातो, हात नेमका पडत नाहीं. पुढें चेहऱ्याच्या त्या बाजूची संवेदना मंदावते, गालाचे स्नायु दुबळे होतात. त्यानंतर कवटींतील दाब वाढून ओकाऱ्या येतात व दृष्टि जाऊं लागते. मग बोलणें अडखळतें, घांस गिळवत नाहीं. आणि सरतेशेवटीं श्वास. हें वाचतांना अंगावर कांटा येतो तो भाषेच्या आवेशानें नव्हे, कारण आवेश येथें मुळींच नाहीं. पहिलें लक्षण इतकें क्षुल्लक आहे कीं त्याची दाद घरांत कोणी घेत नाहीं. एका कानानें कमी ऐकूं येणारा मनुष्य दुसरा कान पुढें करतो आणि वर्षें घालवितो. कुशिंग यांचा आग्रह असा कीं, रोग्यास आज काय होतें याहून पहिल्यानें काय झालें हें अधिक बारकाईनें विचारावें. शेवटच्या अवस्थेंत कोनांतलीं सारींच अर्बुदें सारखीं दिसूं लागतात, ओळख पटते ती आरंभावरून. आज चुंबकीय प्रतिमेंत हरभऱ्याच्या दाण्याहून लहान गांठही दिसते. त्या काळीं रोग्याची कहाणी हाच वैद्याचा दिवा होता, आणि कहाणी ऐकण्याची कला कुशिंग यांस साधली होती. कथालेखकांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

शस्त्रक्रियेच्या भागाची थोरवी कळण्यास पूर्वीची रीति ठाऊक पाहिजे. कवटीस मागून खिडकी पाडावयाची, लहान मेंदु बाजूस सारावयाचा आणि बोट घालून गांठ उपटून काढावयाची! शेष राहत नसे हें खरें. परंतु बोटाबरोबर रक्तवाहिन्या तुटत, मेंदूच्या दांड्यास इजा होई, आणि विख्यात शस्त्रवैद्यांच्या हातींही निम्म्याहून कितीतरी अधिक रोगी दगावत. कुशिंग यांनीं बोट वर्ज्य केलें. डोक्याच्या मागील हाड दोन्ही बाजूंनीं काढून दाब उतरवावा, रक्तस्राव क्षणोक्षणीं थांबवावा, आणि अर्बुदाचें वेष्टन तसेंच राहूं देऊन आंतील गर खरवडून काढावा, ही त्यांची रीति. मृत्यूचें प्रमाण सुमारें पांचांत एकावर आलें. दगावलेल्या रोग्यांचीं वृत्तेंही त्यांनीं वगळलेलीं नाहींत. यशाचीच गाथा गाणाऱ्या आत्मचरित्रकारांनीं हा गुण घेण्याजोगा आहे.

माझा आक्षेप येथेंच सुरू होतो. वेष्टन राहिलें म्हणजे शेष राहिला, आणि या शेषाबद्दल ग्रंथ जितका बोलावयास हवा तितका बोलत नाहीं. दहा-दहा वर्षें मुकाट्यानें वाढणाऱ्या रोगाची कथा रोगी घरीं गेल्यानें संपत नाहीं. लेखकापाशीं अनुभवच मोजक्या वर्षांचा होता हें मान्य. पण मग सबंध उच्छेदाचा नाद सोडावा, हा सल्ला इतक्या ठामपणें कां द्यावा? काळानें तो ठाम ठेवला नाहीं. अनेकांचीं अर्बुदें पुनः वाढलीं आणि सुश्रुताचा अभिप्राय आपलें खरें करून गेला.

हा सल्ला मोडला तो त्यांच्याच एका जुन्या सहाय्यकानें. वॉल्टर डँडी यांनीं बाल्टिमोर येथें १९१७ सालींच एक अर्बुद वेष्टनासह काढलें व १९२२ सालीं तें प्रसिद्ध केलें. आंतील गर आधीं काढून वेष्टन सैल करावयाचें आणि मग तें मेंदूपासून हलकेच सोडवून घ्यावयाचें, अशी ही युक्ति. म्हणजे पहिलें पाऊल गुरूचें, दुसरें शिष्याचें! आपलें ऋण मानलें नाहीं म्हणून कुशिंग संतापले, आणि दोघांतला पत्रव्यवहार कडवट झाला. तत्त्वाच्या बाबतींत डँडी बरोबर होते. शिष्टाचाराच्या बाबतींत कुशिंग यांचा राग अगदींच अनाठायीं नव्हता. पण त्या पत्रव्यवहारांतला तंटा श्रेयाचा होता. डँडींच्या रीतींत चेहऱ्याचा मज्जातंतु बहुधा बळी पडे, अर्धा चेहरा ओघळे, एक डोळा मिटत नसे. ह्यू केर्न्स यांनीं सबंध अर्बुद काढूनही तो मज्जातंतु वांचविल्याचें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां शेषाच्या वादांत चेहऱ्यास प्रथमच नीट स्थान मिळालें. १९६० नंतरच्या दशकांत विल्यम हाउस यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं कानाच्या हाडांतून वाट काढली, आणि हाताची परीक्षा अधिकच बारीक झाली.

मौज अशी कीं, इतकें कौशल्य आल्यावर शेष पुनः परत आला आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूस वेष्टनाचा पापुद्रा घट्ट चिकटलेला आढळला तर आजचा शस्त्रवैद्य पुष्कळदां तो तेथेंच ठेवतो, वेळोवेळीं प्रतिमा काढवितो आणि वाढ दिसल्यास किरणांचा उपाय करतो. गांठ लहान असली तर कित्येकदां शस्त्र न लावतां नुसती नजर ठेवतात. कुशिंग यांनीं शेष ठेवला तो जीव राहावा म्हणून. आतां ठेवतात तो हसूं राहावें म्हणून. आज हा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याशीं बोलून होतो: कोणास गांठ समूळ गेलेली हवी असते, कोणास डोळा मिटतां येणें त्याहून मोलाचें वाटतें. १९१७ च्या ग्रंथांत असा संवाद शोधणें व्यर्थ आहे. तेव्हां रोगी येई तो बहुधा दृष्टि जाऊं लागल्यावर, आणि त्या वेळीं निवडण्यासारखें त्याच्यापुढें फारसें उरलेलें नसे.