जात्याला विसावा कोण देतो?

समुद्र खारट का झाला, हे सांगणारी जादूच्या जात्याची गोष्ट आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक आहे. गरीब भावाला मागेल ते दळून देणारे जाते मिळते, श्रीमंत भावाला हाव सुटते, आणि शेवटी एक जहाजवाला ते जाते घेऊन मीठ दळायला लावतो. थांबवण्याचा शब्द त्याला येत नाही. मीठ वाढत जाते, जहाज बुडते. तात्पर्य एकच: लोभ करू नये.

गोष्ट रंजक आहे. तरी बालसंस्कार वर्गात ती सांगण्याआधी तिचे जुने रूप पाहून घ्यावे. दोन भावांची कथा नॉर्वेत एकोणिसाव्या शतकात संकलित झाली. त्याहून कितीतरी जुनी कथा डेन्मार्कच्या फ्रोदी राजाची आहे. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने ती तेराव्या शतकात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या थोडी आधी, लिहून ठेवली. त्या कथेत जाते आपोआप फिरत नाही. फेन्या आणि मेन्या या दोन दासी ते ओढतात. राजा त्यांच्याकडून सोने, शांती आणि सुख दळून घेतो. कोकिळा गप्प राहील किंवा एक गाणे म्हणून होईल, एवढाच विसावा त्यांना मिळतो. अखेर त्या दासी राजावर चालून येणारे सैन्यच दळतात. राजाला मारून म्युसिंग नावाचा दर्यावर्दी जाते आणि दासी दोन्ही घेऊन जातो व मीठ दळायला सांगतो. मध्यरात्री दासी विचारतात, मीठ पुरे झाले का? तो म्हणतो, दळा. थोड्याच वेळात जहाज बुडते.

मुलांसाठी गोष्ट सोपी करताना नेमके काय गळाले, हे आता दिसेल. दळणाऱ्या बायाच गळाल्या. त्यांच्या जागी मंत्र आला. त्यामुळे मुलाच्या मनावर असे बसते की थांबवण्याचा शब्द ठाऊक असेल तर कितीही मागायला हरकत नाही. गरीब भाऊ त्याच जात्यातून सोने काढून घराला सोन्याचे पत्रे ठोकतो, त्याला कथा लोभ म्हणत नाही. लोभाचा दोष उरतो तो मंत्र न येणाऱ्याच्या माथी. जुन्या कथेत थांबण्याची आठवण दासींनीच करून दिली होती. जहाजवाल्याला मंत्राची गरज नव्हती, पुरे एवढेच म्हणायचे होते.

वारकऱ्याला जाते परके नाही. गोपाळपूरला जनाबाईंचे जाते आपण डोळे भरून पाहतो. जनाबाईही दासीच होत्या. फ्रोदी राजा दासीचा विसावा हिरावतो; आपला विठोबा दासीच्या समोर बसून खुंट्याला हात लावतो. ही दोन जाती मुलांसमोर शेजारी शेजारी मांडली, तर लोभ म्हणजे काय आणि भक्ती म्हणजे काय, हे वेगळे समजवावे लागणार नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथाही जोडून सांगावी. म्युसिंगला पुरे म्हणता आले नाही, तो बुडाला. तुकोबांनी पुरे म्हटले आणि कितीतरी ऋणको तरले.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे सांगणे अधिकच गरजेचे आहे. येथे कापसाला पांढरे सोने म्हणतात. ते वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकून वेचतात आणि संध्याकाळी किलोवर मजुरी घेतात. त्यांची मुले शाळेत ही गोष्ट ऐकतात. ज्या घरात पुरेसेच कधी आले नाही, तेथल्या मुलाला फक्त हाव धरू नको म्हणणे अपुरे आहे. सोने कोणाच्या हातांनी दळले जाते, हेही त्याला कळले पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलाला तर दोन्ही बाजू दिसतात: बाप सावकारापुढे हात जोडतो आणि मजुराला घाई करतो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगितली आहेत. मुलांना ते द्वार दाखवायचे असेल तर मंत्राची गोष्ट बाजूला ठेवावी आणि फेन्या-मेन्यांना परत जात्याशी आणून बसवावे. मग मुलांना विचारावे, यांना विसावा कोण देणार? उत्तर मुले देतील. त्या उत्तराप्रमाणे आपल्या शेतात, आपल्या घरात वागणे मात्र आपल्याला, मोठ्यांना, करायचे आहे.

रामकृष्ण हरी.