शाईतली सायकल

आमच्या धर्मग्रामातील एका घरी पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोरच्या भिंतीवर अलीकडे तीन छापील चित्रे लागली आहेत. चिनी शाईचित्रांच्या धाटणीत त्यांत सायकलस्वार रेखाटले आहेत. घरातल्या तरुणाने ती हौसेने आणली. वडिलांनी मात्र, "अर्धा कागद कोराच आहे, मग पैसे कशाचे मोजलेस?" असा सवाल केला. पंच म्हणून आमची नेमणूक झाली. तो निवाडा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कोऱ्या कागदाविषयी. काजळी आणि सरस यांची कांडी दगडावर पाण्यात उगाळून चिनी चित्रकार शाई करतो. त्याचा कागद ती क्षणात शोषून घेतो. उमटलेली रेघ पुसता येत नाही. म्हणून काय काढायचे याइतकाच काय सोडायचे याचाही विचार त्याला आधी करावा लागतो. सोडलेली जागा कधी धुके होते, कधी पाणी. येथे ती रस्ता झाली आहे. इटालियन चित्रकार बोच्चोनी याने १९१३ साली सायकलस्वाराचा वेग रंगांच्या तुकड्यांतून दाखविला. या चित्रांत तेच काम दोन फिकट वर्तुळे आणि सुकत गेलेला एक फटकारा करतो. वडिलांचे पैसे त्या कोऱ्या जागेतच वसूल झाले आहेत.

आता उणिवेविषयी. ही छपाई आहे, याचा आम्ही दोष मानीत नाही. मूळ चित्र किती घरांना परवडणार? आमची तक्रार वेगळी आहे. या स्वारांच्या अंगावर कसलेच ओझे नाही. शू बेईहोंग या चिनी चित्रकाराच्या प्रसिद्ध घोड्यांसारखे ते नुसते उधळले आहेत. पण त्याच शू बेईहोंगने १९४० साली भारतात असताना डोंगर हलवू पाहणाऱ्या म्हाताऱ्याची चिनी कथा भल्या मोठ्या कागदावर रंगविली. त्यात उघड्या अंगाची माणसे घाम गाळून डोंगर फोडीत आहेत. म्हणजे शाईला भार सोसतो; उचलायला लावणारा हात हवा.

कोल्हापूरच्या सायकलीने दुधाच्या किटल्या वाहिल्या, वैरणीचे भारे वाहिले. वाड्यावस्त्यांवर प्रार्थनेला जाणाऱ्या आमच्या मास्तरांनाही तिनेच नेले. ती सायकल या चित्रांत आम्हाला दिसली नाही.

चिनी कुंचला आपल्याला अगदीच परका नाही. नंदलाल बोस १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीनला जाऊन आले आणि कोल्हापूरचे ख्रिस्ती चित्रकार विनायक मसोजी शांतिनिकेतनात त्यांच्याच हाताखाली शिकले. तेव्हा आमचा निवाडा असा: चित्रे भिंतीवर राहू द्यावीत. मात्र चौथे चित्र त्या तरुणाने विकत आणू नये. पहाटे पंचगंगेच्या पुलावर उभे राहावे, किटल्या लावलेली सायकल धुक्यातून येताना पाहावी आणि ती स्वतः काढावी. पहिले दहा कागद वाया गेले, तरी वडिलांनी पैशांचा हिशेब विचारू नये.