मंजुळेला कुणी शिकवले? भक्ती बर्वे यांच्या निमित्ताने



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्याने आम्हाला दत्त चौकात गाठले आणि विचारले, "काय सर, कांट सोडून आता नट्या?" प्रश्न रास्त आहे. आम्ही नाट्यसमीक्षक नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेही निम्म्याहून अधिक वर्ग झोपेत असताना. पण एका अभिनेत्रीच्या एका भूमिकेने आमच्या शिकवण्यालाच एक प्रश्न विचारून ठेवला. त्याला आता पन्नास वर्षे होत आली. तो आज तुमच्यासमोर मांडतो.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीचा. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर अपघात झाला आणि त्या गेल्या. वय बावन्न. वाईवरून निघालेली कृष्णा आपल्या गावाला वळसा घालून सांगलीला जाते. म्हणजे या बाईंच्या आयुष्याची दोन टोके आपल्याच नदीवर आहेत आणि आपण बरोबर मध्ये बसलो आहोत. तरी मुंबई-पुण्याने त्यांच्याविषयी बोलायचे आणि आपण ऐकायचे, असेच चालत आलेले आहे.

कारकिर्दीचा तपशील थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला ठाऊक आहे. सुधा करमरकरांच्या लिटिल थिएटरच्या बालनाट्यांतून सुरुवात. मग आकाशवाणीवर निवेदन, मुंबई दूरदर्शनवर बातम्या. १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी'. पुढे अशोक पाटोळ्यांचे 'आई रिटायर होतेय'. हिंदीत १९८३ चा 'जाने भी दो यारो'. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. ते १९९६ साली गेले. वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखात एवढे मावते. आम्हाला बोलायचे आहे ते यात न मावणाऱ्या गोष्टीविषयी.

'ती फुलराणी' हे शॉच्या 'पिग्मॅलियन'चे मराठी रूप. भाषाशास्त्राचा प्राध्यापक अशोक जहागीरदार पैज लावून मंजुळा साळुंके या फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवतो आणि उच्चभ्रू समाजात उभी करतो. सतीश दुभाषी जहागीरदार, भक्ती बर्वे मंजुळा. आम्ही ते पुण्यात पाहिले. तेव्हा प्रबंधाचे काम चालू होते आणि खिशात फारसे काही नसायचे; तरी तिकीट काढले. खूप हसलो. सगळे थिएटर हसत होते.

आता आपण कशाला हसत होतो, ते पाहू.

हे हसू जुने आहे. नाट्यशास्त्राने पात्रांना भाषा वाटून दिल्या. राजा, ब्राह्मण, अमात्य यांनी संस्कृत बोलायचे. स्त्रिया आणि खालच्या दर्जाची मानलेली पात्रे यांनी प्राकृत. काही अपवाद आहेत, पण नियम हा. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तिसऱ्या अंकात विदूषक म्हणतो की संस्कृत वाचणारी बाई पाहिली की मला हसू येते, आणि तिच्या उच्चारांची तुलना नव्याने वेसण घातलेल्या गायीच्या सूंसूं आवाजाशी करतो. पुढे चौथ्या अंकात त्याच विदूषकासमोर वसंतसेना प्राकृत सोडून संस्कृत बोलू लागते. एवढेच. शूद्रक त्यावर टिप्पणी करीत नाही. आमच्या मते संस्कृत नाटकातला हा फार मोठा क्षण आहे, आणि आमच्या विद्यार्थिदशेत तो आम्हाला कुणी दाखवला नाही. मंजुळा साळुंके ही त्या वसंतसेनेची धाकटी बहीण, लंडनमार्गे परत आलेली.

तर मंजुळा बोलीकडून प्रमाणभाषेकडे जाते, हे नाटकाचे कथानक झाले. पण नटीचा प्रवास कोणत्या दिशेने झाला? इथे आमचा मुद्दा आहे. नीट ऐका, मागच्या रांगेतल्यांनीही.

भक्ती बर्वे त्या काळात बातम्या वाचणाऱ्या होत्या. बातम्यांची मराठी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगायला नको. प्रत्येक 'ण' जागच्या जागी, प्रत्येक अनुस्वार मोजून-मापून. ज्या मराठीला जहागीरदार नमस्कार करील, ती मराठी हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. म्हणजे तिसऱ्या अंकातली मंजुळा त्यांना शिकायची नव्हतीच, ती घरचीच होती. त्यांना शिकायची होती ती पहिल्या अंकातली. भाषा, उभे राहणे, मान वेळावणे, ओरडताना श्वास कुठे तोडायचा, हे सगळे त्यांनी उलट्या दिशेने कमावले. मंजुळा वर चढली, भक्ती बर्वे खाली उतरल्या. 'खाली' हा शब्द आमच्याही तोंडात कसा पटकन आला बघा! हीच तर खोड आहे.

एलायझा करणाऱ्या बहुतेक नट्यांना हा उलटा प्रवास करावा लागला आहे. शॉने ही भूमिका मिसेस पॅट्रिक कॅम्पबेलसाठी लिहिली. १९१४ साली लंडनला ती उभी राहिली तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची नामांकित नटी होती आणि अठरा-वीस वर्षांच्या फुलवालीची बोली बोलायची होती. भक्ती बर्वे सव्वीस वर्षांच्या होत्या, वयाचे अंतर कमी. पण भाषेचे अंतर तेच.

प्रमाणभाषा बोलणारी नटी बोली बोलू लागली की बहुधा एक अपघात होतो. ती बोलीची नक्कल करते. 'न्हाई', 'व्हय', 'लई' असे चार शब्द फोडणीला टाकते आणि त्यातून एक डोळा प्रेक्षकांकडे मिचकावते, 'मी तुमच्यातलीच आहे बरं का, हे सोंग आहे.' आपल्या भागातल्या माणसाला ही मिचकावणी लगेच कळते. मराठी सिनेमातली गावरान पात्रे पाहून आपण किती वेळा खुर्चीत चुळबुळलो आहोत! भक्ती बर्वे यांच्या मंजुळेत ती मिचकावणी नव्हती. त्यांची मंजुळा आपल्या बोलीत विचार करीत होती. शब्द आधी आणि राग मागून, असे होत नव्हते. राग यायचा आणि तो त्याच बोलीत यायचा.

ज्या स्वगतासाठी त्या ओळखल्या जातात, ते आठवा. गुरुजींनी छळ छळ छळले आहे आणि मंजुळा एकटी असताना त्यांना अद्दल घडवण्याची स्वप्ने रंगवते. शॉच्या मूळ नाटकात असे स्वगत नाही. त्याचे नाते १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेतल्या एलायझाच्या संतापाच्या गाण्याशी आहे. पुलंनी त्याला मराठी रांगडेपणा आणि लय दिली, हे त्यांचे मोठे देणे. पण कागदावर ते स्वगत विनोदी आहे. रंगभूमीवर ते पूर्ण विनोदी नव्हते. धमकी आणि हुंदका एकाच श्वासात, आणि कोणता कुठे संपला ते कळायच्या आत पुढची धमकी. दिदेरोने म्हटले आहे की उत्तम नट आतून थंड असतो. तो भावनेत वाहत नाही, ती रचतो. हे वाक्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगितले, पण पटले त्या रात्री. इतका हिशेब असल्याशिवाय ते दोन सूर एकत्र राहणे शक्यच नाही.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. त्या खोलीत गुरुजी नाहीत. एकटी असलेली मंजुळा शिकवलेली भाषा बोलत नाही. नाटकभर तिला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते ती इथे सांगते, आणि ते सांगायला तिला जहागीरदारांची गरज लागत नाही.

मग मंजुळेला जहागीरदारांनी काय शिकवले? उच्चार. शॉने हे फार स्पष्ट दाखवले आहे. हिगिन्सच्या आईच्या घरी एलायझा निर्दोष उच्चारांत बोलते, आणि बोलते कशाविषयी, तर मावशीच्या संशयास्पद मरणाविषयी आणि दारूविषयी. ध्वनी मास्तरांचा, मजकूर तिचा. पुढे ती हेही सांगते की बाई सभ्य ठरते ती तिच्या वागण्याने नव्हे, लोक तिला कसे वागवतात त्याने. हे तिला हिगिन्सने शिकवलेले नाही. कांटच्या भाषेत, माणसाला निव्वळ साधन मानू नये हा नियम त्या घरात फक्त फुलवालीला समजलेला आहे. मूळ ग्रीक पुराणकथा ओव्हिडने सांगितली तेव्हा त्याने त्या पुतळ्याला नावसुद्धा दिले नाही. शिल्पकाराला नाव आहे.

आता आमची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान खोटे होईल.

नाटक पाहून काही वर्षांनी आम्ही या भागात एका महाविद्यालयात शिकवू लागलो. वर्गात पाटणच्या डोंगराकडची एक मुलगी होती. एसटीने यायची, शेवटच्या बाकावर बसायची. देकार्त चालला होता. सगळ्यावर संशय घेता येतो, पण संशय घेणारा आहे यावर संशय घेता येत नाही, हे आम्ही दोन तास घासून शिकवले आणि विचारले, "का बरं?" सगळे गप्प. ही मुलगी उठली आणि म्हणाली, "संशय घ्यायला तरी कोनतरी लागतंयच की सर."

मित्रहो, याहून नेमके उत्तर आम्ही आजवर ऐकलेले नाही. आम्ही काय म्हणालो असू? आम्ही म्हणालो, "कोनतरी नव्हे. कोणीतरी. ण. णबाणाचा."

वर्ग हसला. आम्हीही हसलो. ती बसली. त्या वर्षी ती पुन्हा काही बोलली नाही.

'ती फुलराणी' पाहून, टाळ्या वाजवून, जहागीरदाराचा फजितवडा झाला म्हणून खुश होऊन आलेला माणूस हे करतो. नाटकाने आम्हाला बदलले नाही. उलट आम्ही विदूषकाच्या जागी बसून हसलो आणि तेही आम्हाला कळले नाही. कळले ते फार उशिरा, ते स्वगत पुन्हा पाहताना. एकटीच बडबडणारी मंजुळा दिसली आणि आमच्या मनात आले, ती मुलगी घरी जाताना एसटीत काय म्हणाली असेल.

म्हणून मराठी समीक्षेत 'पुलंनी घडवलेली फुलराणी' असे कुणी लिहिले की आम्हाला खटकते. पुलंच्या प्रतिभेविषयी शंका नाही. पण हे वाक्य जहागीरदाराचे आहे. एका नटीने स्वतःच्या कमावलेल्या भाषेपासून दूर जाऊन दुसरी कमावली, आणि आपण त्याचे श्रेय पुन्हा एका पुरुष शिक्षकाच्या खात्यावर जमा करतो.

'जाने भी दो यारो' या दृष्टीने पुन्हा पाहा. कुंदन शहांचा चित्रपट, त्यात भक्ती बर्वे 'खबरदार' पत्रिकेच्या संपादक शोभा सेन. आवाज गोड, बोलणे सफाईदार, तत्त्वे उच्च. नसीरुद्दीन शाह आणि रवी वासवानी हे दोन भाबडे फोटोग्राफर तिच्या शब्दांवर विसंबून जिवावर उदार होतात, आणि बाई त्याच पुराव्यावर बिल्डरशी सौदा करू पाहते. सगळे पुरुष आरडाओरडा करतात, विनोद करतात; ही एकटी शांत, शुद्ध बोलते, आणि तिच्या शुद्ध बोलण्याचाच धोका आहे. आठ वर्षांपूर्वी शुद्ध भाषेकडे चढणाऱ्या मुलीवर आपण जीव टाकला. इथे त्याच नटीने दाखवले की ती भाषा वर पोचल्यावर काय काय करू शकते. आमच्या मते ही भूमिका फुलराणीचे उत्तर आहे. त्या भूमिकेवर मराठीत पुरेसे लिहिले गेलेले नाही, कारण ती हिंदीत आहे आणि कारण ती प्रेमळ नाही.

सिनेमाने त्यांना फार थोडे दिले. १९९८ च्या 'हजार चौरासी की माँ'मध्ये त्या होत्या, अशी आणखी काही मोजकी कामे. दोष कुणाचा, या वादात शिरत नाही. 'आई रिटायर होतेय' हे नाटक मात्र आपल्या घराघरात पोचले. आईने घरकामातून निवृत्ती जाहीर करायची, ही कल्पना आज साधी वाटते. तेव्हा ती ऐकून प्रेक्षागृहातल्या बायका आधी हसत आणि मग शेजारच्या नवऱ्याकडे बघत. नाटक म्हणून ते मध्यम प्रतीचे आहे, असे आमचे मत. संवाद जागोजागी प्रेक्षकांना कुरवाळतात. पण त्या आईलाही भक्ती बर्वे यांनी रडवी होऊ दिले नाही.

आणि तरीही लोकांना त्यांच्याकडून हवे होते ते ते स्वगतच. आजही मोबाइलवर फिरते ती काही मिनिटांची चित्रफीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली तेच करतात. अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी पुढे मंजुळा उभी केली, तेव्हाही लोक आधी त्या स्वगताचीच वाट पाहत. सबंध अभिनेत्री एका उताऱ्यात कोंबली की सोय होते. टाळी कुठे वाजवायची ते आधीच ठरते. परीक्षकांनी पाहावे, त्या मुलींपैकी किती जणी बोलीला हसवण्यासाठी वापरतात आणि किती जणी त्या बोलीत खरोखर रागावतात. आम्ही पाच-सहा वेळा परीक्षक होतो. रागावणारी एकच भेटली, ढेबेवाडीकडची. तिला आम्ही पहिला नंबर दिला. दुसऱ्या परीक्षकांचे म्हणणे पडले की उच्चार अशुद्ध होते.

वेळ झाली, असे संयोजक खुणावत आहेत. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि ज्या बोलीत सुचला त्याच बोलीत विचारा, आम्ही मध्ये बोलणार नाही. तो माइक तिकडे, खिडकीजवळच्या त्या ताईंकडे द्या.