नोंद ठेवणारी बाई

रात्री-अपरात्री सर्व्हर कोसळला की आम्ही आधी लॉग उघडतो. हजारो ओळी, बहुतेक सगळ्या एकसारख्या. पण सगळं सुरळीत असताना काय दिसतं हे त्या कंटाळवाण्या ओळींमुळेच कळतं, आणि ते कळल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. ‘नेला लास्ट्स वॉर’ वाचताना मला हे सारखं आठवत होतं.

नेला लास्ट ही इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातली गृहिणी. नवरा सुतारकामाच्या धंद्यात, दोन मुलगे मोठे झालेले. १९३७ साली सुरू झालेली ‘मास ऑब्झर्वेशन’ ही संस्था सामान्य माणसांकडून त्यांच्या जगण्याच्या नोंदी गोळा करत होती. १९३९ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, नेलाने तिच्यासाठी रोजनिशी लिहायला घेतली आणि ती १९६६पर्यंत लिहीत राहिली. केवळ युद्धकाळातला मजकूरच सुमारे २० लाख शब्दांचा आहे!

युद्धात तिने इतर कामंही केली. ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’मध्ये ती राबली, सैनिकांच्या कॅन्टीनमध्ये उभी राहिली, रेड क्रॉसच्या दुकानासाठी खपली, दवाखान्यातल्या मुलांसाठी बाहुल्या शिवल्या. पण अशी कामं असंख्य बायकांनी केली. नेलाचं वेगळेपण लिहिण्यात आहे. १९४१च्या वसंतात बॅरोवर बॉम्ब पडले, तिच्या घराचीही पडझड झाली. तिच्या नोंदींत हे येतं, तसंच रेशनमध्ये भागवलेलं जेवण येतं, नवऱ्याचा अबोला येतो, सैन्यात गेलेल्या धाकट्याची काळजी येते. मोठं काय आणि किरकोळ काय, हे ती ठरवत बसत नाही. कोण वाचणार हे ठाऊक नसल्यामुळे असेल, पण घरात जे बोलता येत नव्हतं ते ती कागदावर बोलते.

रिचर्ड ब्रॉड आणि सूझी फ्लेमिंग यांनी संपादित केलेलं हे पुस्तक १९८१मध्ये आलं, तेव्हा उपशीर्षकात ती ‘आई’ होती. २००६मध्ये व्हिक्टोरिया वुडचा ‘हाउसवाइफ, ४९’ हा चित्रपट आला आणि नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती ‘गृहिणी’ झाली. दोन्ही खरं, दोन्ही अपुरं. चित्रपट मला आवडला. वुडचा अभिनय तर फारच. पण दीड तासात गोष्ट सांगायची तर रेघ चढती काढावी लागते: मनाने खचलेली बाई घराबाहेर पडते आणि फुलते. रोजनिशीत अशी सरळ रेघ नाही. आज धीट झालेली नेला उद्या परत त्याच टेबलाशी, त्याच नवऱ्यासमोर बसते. शांतता येते तेव्हा तिच्या हातचं कामही जाणार असतं. ही मागेपुढे होणारी चाल मला जास्त खरी वाटते.

माझी तक्रार पुस्तकाबद्दलही आहे. २० लाख शब्दांतून एक खंड काढायचा म्हणजे आधी कंटाळवाण्या ओळींवरच कात्री चालणार. अर्थात ही निवड झाली नसती तर नेला माझ्यापर्यंत पोचलीच नसती, हेही मान्य. दिलासा एवढाच, की मूळ कागद ससेक्स विद्यापीठाच्या ताब्यात शाबूत आहेत. कोणाला वेगळी नेला शोधायची असेल तर ती तिथे आहे.

आमचं जुनं घर रिकामं केलं तेव्हा आजीच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. दूध, रॉकेल, कोणाला उसने दिलेले पैसे, समासात कधी एखादी ओळ. ‘यात काय आहे वाचण्यासारखं’ म्हणत मीच गठ्ठा बांधून रद्दीवाल्याला दिला. त्यात १९७१ सालची वही होती का, हे उघडूनही पाहिलं नाही. ज्याचं पोट लॉग वाचण्यावर चालतं, त्याने तरी पाहायला हवं होतं.